ड्यूटीचा रकाना

४ मे १९८७, सोमवार
शेवटी आज लघवीच्या डॉक्टरांकडे गेलो. चार महिने टाळलं. तासातासाला जावं लागतं, धार बारीक, आणि घाई अशी की संडासच्या कडीला हात लागेपर्यंत दोन थेंब पुढे. बोटाने तपासलं. त्याबद्दल लिहीत नाही.
म्हणाले, ग्रंथी थोडी वाढलेली आहे. पण सगळा दोष तिचाच, की मूत्राशयच उतावळं झालंय, ते कागद बघून ठरवू. कागद म्हणजे तक्ता. तीन दिवस लिहायचं: पाणी किती प्यालो, किती वेळा गेलो, मापात किती भरली, कपडा ओला झाला का. पंचवीस वर्षं क्रेनचं लॉगबुक भरलं, आता स्वतःचं भरायचं.
माप म्हणून दुधाचं माप उचललं. शांता ओरडलीच. "अहो, त्या मापानं आपलं दूध येते! आता न्हाणीतच राहू द्या ते. अन् सैपाकघरात परत आणान तर पाहा!"

५ मे, बी शिफ्ट
सकाळपासून दोनपर्यंत सात वेळा. माप एकदाही पाव भरलं नाही. एवढ्याशासाठी एवढी घाई? समजत नाही.
पुढे ड्यूटीचा रकाना. तिथे पेन अडला. हॉस्पिटल आमच्या पोलाद कंपनीचं, क्रेनवाल्यांची मेडिकल तपासणीही कंपनीची. दोन्ही कागद एकाच फायलीत जात असणार. दुसऱ्या क्रेनवरच्या रामटेकेच्या डोळ्यांत दोष निघाला, तर पंधरा दिवसांत खाली आणला. आता स्टोअरमध्ये टोकन वाटतो. अवघड जागी दुखणं आणि जावई वैद्य म्हणतात. इथे तर मालकच वैद्य.
लिहिलं: ड्यूटीत १ वेळा. पाणी भरपूर.
खरं इथे लिहून ठेवतो. वर केबिनमध्ये ग्रीसचा रिकामा डबा आहे. आज पाच वेळा. पाणी शून्य. खाली भट्ट्या, वर मे महिना, आणि मी तोंडात आवळकाठी धरून बसतो. घाम फार जातो म्हणून मिळणाऱ्या मिठाच्या गोळ्या खिशातच विरघळल्या.

८ मे, शुक्रवार
डॉक्टरांनी तक्ता पाहिला आणि चष्मा काढला. "आठ तास क्रेनवर एकदाच, आणि घरी आलात की तासातासाला? तुमचं मूत्राशय घरालाच घाबरतं का हो?"
मी हसलो.
म्हणाले, साखर नाही, लघवीत दोष नाही. नळी घालून पाहिलं, आत फार काही उरत नाही. म्हणजे धरण्याची ताकद आहे, सवय बिघडली आहे. ड्यूटीवर जसं रोखता तसंच घरी रोखा. कळ आली की धावू नका, दहा मिनिटं थांबा, खालचे स्नायू आवळा. चहा कमी करा, पाणी कमी करू नका.
परत येताना डोकं चालेना. लिहिलं मीच खोटं, पण ते मोठ्या डॉक्टरांच्या तोंडून ऐकल्यावर खरं वाटायला लागलं. आपण खरंच रोखू शकत असू? प्रयत्नच केला नसेल?
शिफ्टला गेल्यावर डबा फेकून दिला.

११ मे, ए शिफ्ट
जसं झालं तसं लिहितो.
अकराच्या सुमारास हुकात भरलेली लॅडल, म्हणजे खोलीएवढी बादली. आत उकळतं पोलाद. अर्ध्या वाटेत कळ आली. सांगितल्याप्रमाणे आवळून धरलं. दहा मिनिटं, म्हटलं. दोनही झाली नसतील. लिव्हरवरचा हात कधी ओढला गेला कळलं नाही. लॅडल झुलली आणि काठावरून थोडं पोलाद सांडलं. साहूपासून तीन हातांवर. साहू म्हणजे खालून मला इशारे देणारा. बारा वर्षं त्याच्या हाताकडे बघून क्रेन चालवली. त्याची मुलगी आणि आमची रेखा एका वर्गात.
उतरलो तर तो धावत आला. "का होगे कका? हाथ काबर कांपत हे?"
हात का कापतो ते टाळून म्हणालो, ब्रेकमध्ये काहीतरी आहे.
पॅन्ट ओली होती. सगळेच घामाने भिजलेले, कोणाला कळलं नाही. मेंटेनन्सवाले दोनपर्यंत ब्रेक उघडून बसले होते. त्यात काय सापडणार होतं त्यांना!

१२ मे
मेंटेनन्सचा रिपोर्ट: ब्रेक ठीक. साहू मलाच समजावतो, "मशीन हे कका, हो जाथे।" मला माझी लाज वाटते.
संध्याकाळी शांता कपडे वाळत घालताना म्हणाली, "पॅन्ट आधीच तुमीच धुऊन ठेवता. मले काय समजत नाही? डॉक्टरले सांगितलं का?"
घरचं सांगितलं म्हणालो.
"अन् तिकडचं कावून नाही?"
रामटेकेचं सांगितलं. ती म्हणाली, "टोकन वाटून कोणी मरत नाही."
आजपासून नवा तक्ता. ड्यूटीसकट. सकाळीच वर नवा डबा नेला होता. चार वेळा. दोन वेळा कपडा ओला.

१४ मे
पाणी प्यायला लागलो तर घाई कमी वाटते. हे उलटंच! की भास? विचारायला हवं. रेखा विचारते, "बाबा, आप रोज क्या लिखते रहते हो?" लॉगबुक, म्हटलं.

१५ मे, शुक्रवार, सुट्टी
दोन्ही तक्ते डॉक्टरांसमोर ठेवले.
"खरा कोणता?"
"दुसरा."
ओरडतील वाटलं. ओरडले नाहीत. विचारलं, "हुकाखाली कोण असतं?"
साहूचं नाव सांगितलं.
"त्याला हे माहीत आहे?"
नाही म्हणालो.
पाणी कमी केल्याने लघवी तीव्र होते, मूत्राशय आणखी चिडतं, म्हणाले. म्हणजे भास नव्हता. औषध दिलं, घरी रोखायचा सराव, सहा आठवड्यांनी परत तपासणी. ऑपरेशन लागेल का? "लागेलही, नाहीही." पुन्हा वर चढता येईल का? "बघू." सगळं असंच.
एक कागद दिला: सहा आठवडे क्रेन नको. असा कागद आपणच नेऊन इनचार्जला द्यायचा, अशी रीत आहे.

१६ मे, ए शिफ्ट
पहाटे पाच. उठल्यापासून तीन वेळा. दोन पेले पाणी पिऊन झालं. शांताने जेवणाचा डबा देताना विचारलं, "कागद घेतला?" घेतला. शर्टच्या खिशात आहे.
शॉपमध्ये, म्हणजे भट्ट्यांच्या शेडमध्ये, शिरलं की डावीकडे इनचार्जची केबिन, उजवीकडे क्रेनची शिडी. मध्ये साहू तंबाखू मळत उभा असतो. बारा वर्षं रोज एकच विचारतो, "ऊपर जाबे कका?" आणि मी न थांबता हो म्हणतो.
आज काय म्हणायचं ते अजून तोंडात येत नाही. सायकल काढतो.