आईची बदली जोडीदार

तीर्थस्वरूप मावशीस,

शिरसाष्टांग नमस्कार. (तो वाकूनच लिहिला आहे, गेल्या पंधरवड्यापासून मला सरळ उभे राहता येत नाही.) तुमची प्रकृती उत्तम, निदान माझ्याहून बरी असावी, अशी आशा करते. लहानपणी मी तुम्हाला 'तू' म्हणत असे म्हणे. आता इतक्या वर्षांनी धीर होत नाही, क्षमा असावी.

माझ्या अवस्थेचे कारण म्हणजे तुमची थोरली बहीण, अर्थात आमची आई. तुम्ही दोघी ज्या क्लबात टेनिस शिकलात, त्याने पुढील महिन्याच्या पहिल्या रविवारी जुन्या व्यावसायिक खेळाडूंचे दुहेरी सामने योजले आहेत. जोडीदार ज्याचा त्याने आणावा, अशी अट आहे. निमंत्रण वाचून आईने घरात सभोवार पाहिले. बाबा तेवढ्यात वर्तमानपत्राआड अंतर्धान पावले (माणूस अनुभवी). उरले मी, सर्व विषयांत पहिली येऊन कवायतीत मात्र वर ढकलली गेलेली.

तेव्हापासून रोज पहाटे कोर्टवर जाणे आले. आईची सर्व्हिस मला दिसत नाही. मागची जाळी वाजली की चेंडू येऊन गेला, असे अनुमान करते. एकदाच तो माझ्या रॅकेटला लागला, तो थेट शेजारच्या कोर्टात शिरला आणि तिथे खेळणाऱ्या दंतवैद्यांपैकी एकाने आपला समजून परतवला. त्यावरून त्यांच्यात झालेले भांडण अद्याप मिटलेले नाही. कोर्टवर पाणी मारणारे काका, "ताई, चेंडू चावत नाही हो," असे रोज समजावतात.

विश्रांतीत आई कारकीर्द सांगते. पात्रता फेऱ्या, एका खोलीत दोघींचा मुक्काम, रॅकेटच्या तारांवर वाळत घातलेले मोजे. एकेरीत दोघीही पहिल्याच दिवशी घरी आणि दुहेरीत मात्र कुणाला आवरत नव्हतात. उपांत्य सामन्यापाशी आली की ती चेंडू गोळा करायला उठते. पुढचे बाबांनी सांगितले: शेवटचा चेंडू तुम्हा दोघींच्या मधोमध पडला आणि दोघींनीही सोडला. मग गुडघ्याचे कारण सांगून आई निवृत्त झाली, आणि तुमचे बोलणेही. (गुडघा ठणठणीत आहे. जिने ती माझ्याआधी चढते.)

काल नेमका तसाच चेंडू आमच्या मधोमध आला आणि मी अदबीने बाजूला झाले. आई रागावली नाही.

"सोडलास का गं?"

"मला वाटलं, तू घेशील."

ती बाकावर जाऊन बसली. रॅकेटच्या तारा सरळ करीत म्हणाली, "तीही हेच म्हणाली होती. मी ऐकूनच घेतलं नाही."

वडीलधाऱ्यांना सल्ला देण्याचा अधिकार नसल्याने इथेच थांबते. लोभ आहेच, कंबरेला चोळण्याचे औषध सुचवल्यास वाढेल.

तुमची,
भाची

ता. क. औषध राहू द्या, तुम्हीच या. जोडीदाराचे नाव आयत्या वेळी बदलता येते, हे मी क्लबच्या सचिवांना स्वतः फोन करून विचारून घेतले आहे. (एरवी मी फोनला हात लावत नाही, यावरून निकड ध्यानी यावी.)

आणखी एक. या पत्राविषयी आईला सांगितलेले नाही. तुमचा पत्ता मात्र काहीतरी निमित्त काढून तिलाच विचारावा लागला. 'कुठे राहते, मला काय ठाऊक' असे वर्षानुवर्षे म्हणणाऱ्या आईने तो पिनकोडसकट एका दमात सांगितला. तिसरा मजला आहे, पण मागच्या वर्षी लिफ्ट बसली, असेही वर म्हणाली. टपालाला लिफ्ट लागत नाही, हे मी तिला म्हणाले नाही.