आत्याचं मत

प्रिय जयदीप,

अनेक आशीर्वाद. परवा निकाल लागल्यावर तू आधी माझ्याकडे आलास. घरात दुखवटा म्हणून कपाळावरचा गुलाल जिन्यातच पुसलास, तेवढं भान ठेवलंस. पाया पडून सगळ्यांसमोर म्हणालास, "आत्या, तुझ्या मतानं नगरसेवक झालो." मी नुसताच डोक्यावर हात ठेवला. खाली हलगी वाजत होती, तुझी माणसं घाईत होती. बोलायचं ते राहिलं, म्हणून लिहिते.

तुझे मामा, म्हणजे आमचे हे, जाऊन दीड महिना झाला. वाकडात आपली शेतं होती तोवर त्यांना कसली अडचण नव्हती. शेतांवर टॉवर उभे राहिले, आपल्यालाही लिफ्टचा फ्लॅट मिळाला. पण घरातून निघालं की बँकेपर्यंत एक आडोसा उरला नाही. प्रोस्टेटमुळे त्यांना अर्ध्या अर्ध्या तासानं जावं लागायचं. एकदा मॉलमध्ये शिरायला गेले, तर वॉचमननं हटकलं. घरी येईपर्यंत पायजमा भिजला होता. मला न सांगता त्यांनी तो स्वतःच धुऊन टाकला. तेव्हापासून बाहेर जायचं असलं की पाणी पीत नसत. मी दिलं तर म्हणायचे, "नगं. चौकात जायचं हाय."

निवडणुकीआधी तू ज्येष्ठांचा मेळावा घेतलास. काठ्या वाटल्यास, ब्लँकेटं वाटलीस, देवदर्शनाची बस जाहीर केलीस. मग माइकवर विचारलंस, आणखी काय पाहिजे? मामा उठले. जन्मात कधी सभेत बोलले नव्हते. म्हणाले, "चौकात एक मुतारी बांध, बाबा. बिनपायऱ्यांची. बायांसाठीबी. दुसरं काय नगं आमाला." मागून कुणीतरी हसलं, मग अख्खा हॉल हसला. तूही हसलास. "आमचे मामा पहिल्यापासून गमत्ये," म्हणालास आणि माइक पुढे गेला. तुझ्या मनात वाईट नव्हतं, मला ठाऊक आहे. ज्यांच्या खांद्यावर बसून तू बैलगाड्यांच्या शर्यती बघितल्यास, त्यांच्यावर तुझा जीवच होता.

त्यानंतर दोन आठवड्यांनी केवायसीचे कागद द्यायला ते बँकेत गेले. सकाळपासून घोटभर पाणी नाही, दोन तास रांगेत. येताना चौकात चक्कर येऊन पडले. डॉक्टर म्हणाले, लघवीतला संसर्ग किडनीपर्यंत गेलाय, बरेच दिवस पाणी कमी पडलंय. नऊ दिवस दवाखान्यात होते. शेवटी सारखं पाणी मागत होते, आणि तेव्हा किडन्या थकल्या म्हणून डॉक्टर चमच्यानं मोजून देत होते. हे मी तुला दहाव्यालाही सांगितलं नाही.

मतदानाला तू गाडी पाठवलीस. प्रभागात चार जागा, म्हणून चार बटणं दाबायची होती. तिघांची तुझ्या सांगण्याप्रमाणे दाबली. तुझ्या नावापाशी बोट थांबलं, आणि मी 'नोटा' दाबलं. तुझ्या विजयात माझं मत नाही, बाळा.

पण एवढंच सांगायला हे पत्र नाही. त्या हॉलमध्ये मी बायकांच्या रांगेत नव्हते, मामांच्या शेजारीच होते. लोक हसायला लागले तेव्हा सदरा ओढून त्यांना खाली बसवलं ते मी. तू नाहीस. रिक्षात मी वर त्यांनाच बोलले, "चारचौघांत काय बोलावं कळत नाही? भाच्याची अब्रू गेली." पुन्हा त्यांनी त्या त्रासाचं अवाक्षर काढलं नाही, दुखत असतानाही नाही. मला वाटलं, त्यांना बरं वाटतंय. तुझ्यावरचा राग मी एका बटणात काढून मोकळी झाले. माझ्यावरचा कुठे काढू?

वॉर्डातल्या बागेला मामांचं नाव द्यायचं म्हणतोस, ते नको. सोमवारी अकरा वाजता शेजारच्या शालनबाई आणि मी तुझ्या कार्यालयात येतोय. एकतीस बायकांच्या सह्यांचा अर्ज आहे. चौकात काय बांधायचं ते मी सगळ्यांदेखत, उभी राहून, स्वच्छ शब्दांत सांगणार आहे. तू हसू नकोस. आणि दुसरं कुणी हसलं, तर मला खाली बसवू नकोस.

माया तीच असलेली,
तुझीच,
जयमालाआत्या