शीघ्रवाचनासाठीं निर्दोष पुस्तक

सोमवार, ४ नोव्हेंबर १९६३. मालवण.
वाचनालयाचे चिटणीस बाबलशेट गांवभर सांगत सुटले आहेत कीं, शनिवारीं मास्तरांनीं पुस्तक विहिरींत टाकलें. धादांत असत्य. विहिरींत नव्हे, कठड्यावर. टाकलें नव्हे, ठेवलें. जरा जोरानें, एवढेंच.
मोतीबिंदू माझ्या दोन्ही डोळ्यांत. डॉक्टर म्हणाले, "उन्हाळ्यापर्यंत वाचून घ्या. शस्त्रक्रियेची खात्री देत नाहीं." निवृत्तीनंतर वाचूं म्हणून ठेवलेलें कपाट भरलेलेंच. म्हणून मुंबईहून शीघ्रवाचनाची पुस्तिका मागविली. नियम: सरावाचें पुस्तक सोपें, नवें असावें, थांबूं नये, मागें फिरूं नये.
पुस्तक सोपें होतें, नवेंही. पण अनुस्वार गाळण्याच्या नव्या नियमांनीं छापलेलें. "तो नाव बुडवणार." मालवणांत बसून हें वाचावयाचें! बुडणार तें 'नांव' कीं 'नाव', कीर्ति कीं होडी?

७ नोव्हें.
जुनें पुस्तक घेतलें. अनुस्वार जागच्या जागीं. सपासप वाचलें. वर्गांत दरसाल शिकविलेलें तेंच, पाठ होतें.

९ नोव्हें.
बाबलशेटनीं होड्या हांकणाऱ्या तांडेलांच्या गोष्टींचें पुस्तक आणून दिलें. "मास्तरांनू, ह्येच्यात एक चूक गावाची नाय!" पहिल्याच पानावर "आशिर्वाद". दुरुस्त केला. मग दुसरी चूक, तिसरी... चार पानें वाचलीं. गोष्ट कशाची, ठाऊक नाहीं.
ही तांदूळ निवडीत होती. म्हणाली, "अवो, ह्यां वाचणां नाय, पेपर तपासणां! तांबडी पेन्सिल हातात आसा तवसर तुमचां पान हलाचां नाय."
हिच्या बोलण्यांत अनुस्वार तेवढे शाबूत आहेत.

१२ नोव्हें.
पेन्सिल नाहींशी. हिला विचारलें, तर "गावली काय दितंय." सांपडली कीं देणार म्हणे!
संताप. रिकाम्या हातानें तांडेलांचें पुस्तक घेऊन बसलों. बोटें सारखीं खिसा चाचपीत. पुढें वादळ आलें, नावेचें शीड फाटलें, आणि मान वर केली तेव्हां दिवेलागण झालेली. चुका होत्या कीं नव्हत्या, सांगतां येत नाहीं. लज्जास्पद.

१३ नोव्हें.
पेन्सिल सांपडली. तांदळाच्या डब्यांत. तूर्त एवढ्यापुरतीच घेतली आहे.
शुद्धिपत्र:
कठड्याचा प्रकार रविवार, ता. ३ चा. शनिवारचा नव्हे.
ता. ७: "वाचलें" नव्हे, "आठवलें".
ता. ९: "वाचलीं" नव्हे, "तपासलीं". (हिचें म्हणणें बरोबर. तिला सांगितलेलें नाहीं.)
ता. १२: "लज्जास्पद" खोडावें. तेथें कोणता शब्द घालावा, ठरत नाहीं.
पेन्सिल परत डब्यांत. उजेड आहे तोंवर, ती नाव वांचली कीं नाहीं, तें वाचावयाचें आहे.