जाळायचा राहिलेला फोटो

बाई, तेर गावातल्या तुमच्या घरात आता दुसरे लोक राहतात, म्हणून तो फोटो मी माझ्याकडं आणला आहे. तुम्ही ॲमेझॉनच्या जंगलात, नदीकाठच्या त्या लोकांत उभी हयात काढलीत. ते कोणतं झाड तोडतात, कोणतं राखतात, ते लिहीत राहिलात आणि थकल्यावर गावी परतलात. मी सातवी नापास. तुमचा स्वयंपाक करायचो, तुमच्या कागदांना ऊन दाखवायचो. एकदा मी विचारलं, "बाई, ती नदी आपल्या तेरणेएवढी असंल?" तुम्ही पिठलं-भाकरी खात होता. "अरे, तिचा पलीकडचा काठच दिसत नाही." "मग पल्याडच्या सोयरिकी कशा जुळत्यात?" तुमचा घास हातातच राहिला. "हे विचारायचं मला इतक्या वर्षांत सुचलं नाही रे." दिवसभर मी छाती फुगवून होतो.

आजारपणात तुम्ही तो फोटो काढलात. तिथं तुम्हाला लेकीसारखं सांभाळणारी म्हातारी, आणि शेजारी तुम्ही. त्या लोकांत माणूस गेलं की त्याची प्रत्येक वस्तू जाळतात, नावही घेत नाहीत. काही मागं राहिलं तर जाणाऱ्याचा पाय निघत नाही. ती गेल्यावर तिच्या मुलांना तुम्ही हा फोटो जाळायचा शब्द दिला होता. "माझ्यानं झालं नाही. मी गेले की तू जाळ." मी म्हणालो, "व्हय बाई, जाळतो."

पण आपल्यात गेलेल्याचा फोटो कुणी चुलीत घालतं का? मी धाराशिवहून काच बसवून आणली, चंदनाचा हार घातला. दर पितृपक्षात तुमच्याबरोबर तिलाही नैवेद्य दाखवला. मान दिला असंच वाटायचं. मागच्या महिन्यात कॉलेजचे एक प्राध्यापक आले, फोटो मोबाईलमध्ये घेऊन गेले. मीच हौसेनं हार बाजूला केला. आठ दिवसांनी स्टँडवर तुमच्यावरच्या व्याख्यानाचा फ्लेक्स लागला, त्यावर ती म्हातारी माणसाएवढी. पानटपरीवाला म्हणाला, "काका, बाईंच्या शेजारी ही कोण, देवरसकी, अंगारे-धुपारे करणारी का?" आता हा चेहरा किती मोबाईलांत गेला असेल? तिच्या मुलांची माफी मागावी तर पत्ता नाही, भाषा नाही.

निदान घरातला तरी जाळावा म्हणून रोज चुलीपाशी नेतो आणि परत आणतो. सून म्हणते, "मामा, काय ते एकदाचं करा, भाकरी करपायलीय." म्हातारीचा अर्धा भाग तेवढा कापून जाळावा, तर तिचा हात तुमच्या खांद्यावर आहे.

सांगायला लाज वाटते, बाई. तुमचा दुसरा एखादा फोटो माझ्याकडं असता, तर हा मी केव्हाच जाळला असता.