सावत्र आईच्या भुवया

प्रिय फुरंगटूबाई,

फोनवर माझा आवाज आला की तू रिसीव्हर मावशीच्या हातात कोंबतेस, म्हणून कागद घेतला. याच्यावर खुशाल ओरड, याला चुरगळ, याची होडी कर, पण आधी वाच. आणि स्वतः वाच. मावशीला वाचायला दिलंस तर ती ओळीओळीला उसासे टाकेल आणि माझ्या चांगल्या चांगल्या टोमण्यांचा चोथा होईल.

तर इकडची खबर. तुझा बाप आणि मी लग्न करणार हे त्याने तुला सांगितलं, तू बॅग भरून मावशीकडे निघून गेलीस, आणि तेव्हापासून आमच्या थिएटरचा पार बोऱ्या वाजलाय. परवा रविवारी सकाळच्या मुलांच्या खेळाला तुझ्या बापाने तिसऱ्या रिळाच्या आधी चौथं रीळ लावलं. चेटकीण कड्यावरून पडून मेली आणि लगेच नटूनथटून राजकन्येच्या वाढदिवसाला हजर! पोरांनी टाळ्या पिटल्या. मॅनेजर पाय आपटत वर केबिनमध्ये गेला. मी त्याच्या मागोमाग चहा घेऊन गेले, म्हणजे चहाचं आपलं निमित्त. बघते तर ऑपरेटरसाहेब त्या चौकोनी भोकापाशी तुझ्या स्टुलावर बसलेले. त्या स्टुलावर त्याचे गुडघे हनुवटीला टेकतात. मॅनेजर कानाशी बोंबलतोय, आणि हा पडद्याकडे डोळे लावून बसलाय, पण बघत काहीच नाहीये. असा राग आला मला! दोन्ही खांदे धरून गदागदा हलवावं असं वाटलं. नाही हलवलं. चहा ठेवला आणि खाली आले. त्यात आता मावशी म्हणते, तू तिकडेच राहणार, तिकडच्याच शाळेत नाव घालायचं चाललंय. हे ऐकून तर माझं डोकंच फिरलं.

राग तुझ्यावर नाही. तुझ्या बापावर थोडा आहे, कारण ही बातमी त्याने तुला मशीनला तेल घालता घालता सांगितली, तुझ्याकडे पाठ करून. अशी सांगतात का? पण माझा खरा राग आहे तो त्या कार्टून कंपनीवर. रविवारी सकाळी जे जुने सिनेमे आपल्याकडे लागतात ते सगळे त्या एकाच कंपनीचे, आणि तू ते सगळे केबिनच्या भोकातून बघून बघून पाठ केलेस. तुला वाटतं जग तसंच चालतं. अगं, त्या लोकांना दुसरं काही सुचतच नाही! दिवे मालवले, तुतारी वाजली, की काउंटरवरचं माझं मक्याच्या लाह्यांचं मशीन पुरतं तापायच्या आत आई मेली. हरणाची असो, राजाची असो, गाढवाची असो, आईला जगू म्हणून देत नाहीत. आणि बाप? बाप तीन जातींचे. एक आईबरोबरच मेलेला, एक सिंहासनावर पेंगणारा, आणि एक बुटका, जाडा, सारखा चष्मा शोधणारा. आपल्याकडे तिसरा आलाय, कपाळावरचा चष्मा घर उलथंपालथं करून शोधणारा.

आणि सावत्र आई! तिच्या भुवया कपाळात अशा चढलेल्या, की या बाईला झोप तरी लागते का असं वाटावं. मी आरशासमोर उभी राहून करून बघितल्या. माझी एक वर जाते, दुसरी जागची हलत नाही. शिंक अडकल्यासारखं दिसतं. आणि तुझ्या लक्षात आलंय का, त्यातल्या निम्म्याशिम्म्या विधवा असतात. नवरा मेला रे मेला की कंपनीकडून बाईला एक जांभळा झगा आणि एक मांजर मिळतं. माझा गेला तेव्हा मला लाह्यांचा काउंटर मिळाला आणि मॅनेजरची कटकट. तिचा नवरा कशाने गेला, तो गेल्यावर ती कुणाशी बोलत होती, हे विचारायला त्या कंपनीत एकालाही सवड नाही. तिथल्या खारी भांडी घासतात, पाखरं अंथरुणाच्या घड्या घालतात. माझ्या काउंटरखाली एक उंदीर आहे, मेल्याने आजवर साधा कप विसळला नाही.

आता तू म्हणशील, एवढं कळत होतं तर बातमी कळल्यावर लगेच आमच्या घरी तशी का आलीस? ऐक. मी इतकी वर्षं त्या थिएटरात आहे, पण एकही सिनेमा धड बघितलेला नाही. सगळे आत जाऊन बसले की मी दारात टेकून सुरुवात बघते. मग इंटरव्हलची तयारी, इंटरव्हलची झुंबड, नंतर भांडी. शेवटी बाहेरची दारं उघडायला जाते तेव्हा लग्न लागत असतं आणि खारी नाचत असतात. मधलं मला काहीच ठाऊक नाही. मेली आई आणि लागलं लग्न, एवढाच माझा सिनेमा. त्यामुळे मधल्या भागात कोण काय घालून येतं आणि काय पाजतं, हे मला कुठून कळणार? मी आपली पाहुणी म्हणून जायचं म्हणून चांगली जांभळी शाल घेतली. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून पुदिन्याचं सरबत करून बाटलीत भरलं. चांगलं हिरवंगार झालं होतं, मला तर कौतुकच वाटत होतं. आणि ते काउंटरचं काळं मांजर, त्याला मी बोलावलं नव्हतं, ते आपलं आपण मागे आलं. वर तुमच्या जिन्यात दिवा माझ्या पाठीमागे, आणि तू दार उघडल्यावर घाबरून मी हसले. मी घाबरले की मोठ्याने हसते, हा माझा लहानपणापासूनचा स्वभाव. तुझं तोंड पांढरंफटक पडलं तेव्हा मला वाटलं पोरीला ताप आहे.

पुढचं तुला ठाऊकच आहे. तू सरबत घेतलंस, थँक्यू म्हणालीस, आणि मी वळल्यावर गॅलरीतल्या कुंडीत ओतलंस. म्हणजे तुझं सरबत आधी झाडाला पाजून बघितलंस! हुशार आहेस. आणि दुसऱ्या दिवशी ते झाड खरंच मान टाकून बसलं. अगं, एवढी साखर मुळाला घातल्यावर माणूससुद्धा मान टाकेल! पण तुझं ठरलं. मी चेटकीण, आणि तू बॅग भरलीस.

तू गेल्यावर मी चिडून काउंटरला कुलूप लावलं आणि आत जाऊन बसले. मॅनेजर म्हणाला लाह्या कोण विकणार, मी म्हटलं तुम्ही विका, लाह्यावाल्याची टोपी तुम्हाला चांगली दिसेल. दर रविवारी बसतेय. आता मला मधला भाग पण पाठ झालाय, गाण्यांसकट, आणि माझा राग कमी व्हायच्या ऐवजी वाढलाय. मधे पोरगी घरातून पळते, जंगलात रडते, सशाशी बोलते, गाणं म्हणते. कुणी वाईट माणूस असेल तर त्याला कुणी मारत नाही, तो आपला आपण उंचावरून पडतो, म्हणजे चांगल्या माणसांचे हात स्वच्छ. (मी तर आता शिडीवरसुद्धा चढत नाही.) हे सगळं मी सोसलं. पण एक गोष्ट बघून मात्र मी खुर्चीतच बडबडायला लागले आणि पुढच्या रांगेतल्या पोराने मला गप्प बसा म्हणून दटावलं. ती गोष्ट अशी, की सुरुवातीला जी आई मेली, तिचं मधे कुणी नावच काढत नाही. तिला काय आवडायचं, ती कशावरून चिडायची, तिचा आवाज कसा होता, काही नाही. मेली ती मेली. फार तर एक चांदणी चमकते.

आणि मग मला तुमचं घर आठवलं. भिंतीवर तुझ्या आईचा फोटो आहे, पण तिच्याबद्दल बोलत कुणी नाही. तिचं नाव निघालं की तुझा बाप चष्मा शोधायला उठतो, आणि तू त्याच्या मागोमाग शोधायला लागतेस. ती गेली तेव्हा तू एवढीशी होतीस, तुला धड आठवतही नसेल. मला आठवते. तुझी आई तिकिटाच्या खिडकीत बसायची, आणि तिच्या खिडकीत आणि माझ्या काउंटरमध्ये फक्त एक लाकडी फळी. केसात पेन्सिल खोचायची आणि मग जगभर पेन्सिल शोधायची, म्हणजे शोधण्याच्या बाबतीत नवराबायकोचा जोडा अगदी छान जमला होता. रडका सिनेमा असला की तिकीट देताना गंभीर तोंड करून विचारायची, रुमाल आणलाय ना? माणसं खिसे चाचपायची. दात जरासे पुढे, हसताना हात तोंडावर. तुझेही तसेच आहेत, आणि तूही तशीच हात धरतेस. गाताना सुराशी तिचं उभं वैर. तुला झोपवायला गायची तर तू डोळे टक्क उघडायचीस आणि केबिनमधून तुझा बाप ओरडायचा, अगं ती झोपेल तुझ्या भीतीने!

आणि रविवार सकाळचं आमचं एक ठरलेलं होतं. खेळ सुरू झाला की ती फळीवर टकटक करून विचारायची, आई मेली का गं? मी दारातून बघून म्हणायचे, गेली. मग ती म्हणायची, चला, टाक चहा. कारण त्यानंतर तिकिटाला कुणी येत नसे आणि माझी गर्दी अजून लांब असे. दोघी फळीला टेकून चहा प्यायचो आणि त्या कंपनीला शिव्या द्यायचो. ती म्हणायची, मेल्यांना आई चालवता येत नाही म्हणून मारून टाकतात. आई जिवंत असती तर पोरगी जंगलात गेलीच नसती, सिनेमा तिथेच संपला असता. खूप हसायचो गं. ती गेल्यानंतर त्या वेळेला मी चहा टाकत नाही. लाह्यांचं मशीन मोठ्याने चालू करते.

हे तुझं आहे. लग्न होवो न होवो, मी तुझ्या घरी येवो न येवो, हे सगळं तुझं आहे आणि माझ्याकडे भरपूर आहे. तिची जागा घ्यायला निघालेली बाई समजत असशील तर एवढंच सांगते, की तिच्या खिडकीत दुसरी मुलगी बसली तेव्हा मी महिनाभर त्या पोरीशी धड बोलले नव्हते. तुझा राग मला कळतो. कळतो म्हणून तो कमी त्रासदायक होतो असं नाही.

आता खरं काम. आज सकाळी तुझा बाप आणि मी लग्नाच्या त्या ऑफिसात जाऊन आलो आणि घेतलेली तारीख परत दिली. तिथल्या बाईने विचारलं, मग पुढची कुठली देऊ? मीच म्हटलं, आत्ता नको. बाहेर आल्यावर तो म्हणाला, तूच तिला कळव, मला फोनवर बोलता यायचं नाही. म्हणून हे लिहिलं. तू हो म्हणावंस म्हणून नाही. तुला कुणी विचारणारही नाही, कारण दोन घोड्यांनी लग्न करावं की नाही हे ओझं तुझ्या एवढ्याशा डोक्यावर टाकणं म्हणजे शुद्ध नालायकपणा आहे. मला वाईट वाटलं नाही असंही मी लिहिणार नाही. तुझा बाप मला आवडतो, तुझी काळजी घ्यायला म्हणून नाही, माझ्यासाठी आवडतो. वाईट वाटलंय, चिडचिडही झालीय, आणि दोन्हीचं मी बघून घेईन. तू घरी ये. घरात तुझा बाप आहे, दुसरं कुणी नाही. शनिवारी दुपारच्या बसला तो स्टँडवर एकटाच येईल. मी येणार नाही. त्याला सांगितलंय, शनिवारी फार गर्दी असते, काउंटर सोडून येता येत नाही. तुला म्हणून खरं सांगते, येता येतं.

तुझीच (तू मान, नाहीतर नको),
काउंटरवाली