डाव्या स्पीकरची कॉइल

सर, तुम्ही लोणावळ्याच्या डॉक्टरांसाठी केलेला स्पीकरचा जोड आता माझ्या घरी आहे. तळेगावात, सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर, हॉलच्या भिंतीपासून दोन हात पुढे. छातीला लागतील एवढे उंच, सागाच्या व्हिनियरचे, एकेक उचलायला दोन माणसं लागतात तेच. डॉक्टर आता मुलीकडे राहायला गेले, बंगला विकला, आणि हे स्पीकर कुणाला हवेत का अशी विचारणा फिरत फिरत माझ्यापर्यंत आली. त्याच रविवारी मी पिकअप घेऊन गेले. लोणावळ्याच्या ओलीनं खालचं व्हिनियर सुटलंय, मागे बुरशीचे डाग आहेत, पण आतला माल शाबूत आहे. नवरा म्हणाला, घरात दोन फ्रिज जास्तीचे आणल्यासारखं वाटतंय. त्याला मी सांगितलं की मला ऐकायचेत. खरं तर मला ते उघडायचे होते.

आयटीआय करून मी तुमच्याकडे आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. घोरावाडीहून रोज रुळाच्या कडेकडेनं चालत यायचे. तुमच्या बंगल्यामागे पत्र्याचं वर्कशॉप, तिथे लाकडाच्या भुशाचा आणि सोल्डरिंगचा मिळून एक वास. तुम्ही मला तांब्याच्या तारेची कॉइल गुंडाळायला शिकवलंत. गाण्यातला जाड आवाज मोठ्या स्पीकरकडे जाऊ द्यायचा आणि बारीक अडवायचा, हे त्या कॉइलचं काम. वेढे कमी पडले तर बारीक आवाजही मोठ्या स्पीकरमध्ये घुसतो आणि गाणारा माणूस बसल्या जागेवरून सरकतो, हे तुम्हीच सांगितलंत. पहिलं वर्ष संपलं त्या दिवशी तुम्ही मला एका ख्यालाची सीडी दिलीत. म्हणालात, "रोज यातली एकच दहा मिनिटं ऐकायची. वर्षभर तीच. कान आपोआप उघडतात." मी वर्षभर तीच ऐकली. आई कंटाळली, वडील कंटाळले नाहीत. एवढं तुमचं देणं मी मान्य करते, म्हणजे पुढचं लिहायला मोकळी.

डॉक्टरांचा जोड तुम्ही मला करू दिला नाहीत. हा मी स्वतः करणार, म्हणालात. डोळ्यांना जाड भिंग लावून, थरथरत्या बोटांनी तुम्ही वेढे मोजत होता आणि मधेच फोन आला की उठत होता. मग तो शनिवार. डॉक्टर आणि त्यांच्या बाई वर्कशॉपमधल्या सोफ्यावर बसलेत. तुम्ही गाणं लावलंय, मी दाराजवळ उभी आहे. गाणाऱ्या बाई मधोमध बसायला हव्यात. त्या डावीकडे सरकल्यात आणि त्यांचा आवाज सर्दी झाल्यासारखा जाड येतोय. मला वाटलं, तुम्ही आता थांबवाल. तुम्ही डोळे मिटून मान डोलावत होता. गाणं संपल्यावर मी हळूच म्हणाले, "सर, डावीकडची कॉइल एकदा बघायची का? आवाज ओढतोय."

तुम्ही हसलात. माझ्याकडे न बघता डॉक्टरांकडे बघून म्हणालात, "जयंतीच्या भोंग्यांखाली वाढलेले कान तुमचे. याला वेगळे कान लागतात." डॉक्टरांच्या बाईसुद्धा हसल्या. मग मला म्हणालात, "जा, चहाचं बघ."

सर, मला तुम्ही कायम अगंतुगं करायचात. त्या दिवशी मात्र तुमच्या तोंडून 'तुमचे' आलं. तो मान नव्हता. त्यात माझे वडील होते, आमची सगळी आळी होती. माझे वडील कंपनीत हेल्पर होते आणि वर्षातून एकदा, चौदा एप्रिलला, भोंगे लावायचे, हे तुम्हाला माहीत होतं, कारण मीच ते कौतुकानं सांगितलं होतं.

घरी मी काहीच सांगणार नव्हते, पण वडिलांनी तोंड बघून काढून घेतलं. ते जेवत होते. म्हणाले, "भोंगं लावताना मी पयल्यांदा तारा बघायचो. येक तार जरी उलटी लागली तर दोन भोंगं येकमेकाचा आवाज खात्यात. त्ये वायरीवरनं न्हाई कळत, कानानंच कळतंय. तुज्या सरला ठावं असंल की."

"त्यांना ठाऊक आहे," मी म्हणाले.

"मंग त्यो खोटं बोलला," वडील म्हणाले आणि भाकरी मोडायला लागले.

सोमवारी मी आले तेव्हा डावा स्पीकर उघडा पडला होता. टेबलावर मीटर होता आणि तुम्ही नवी कॉइल गुंडाळत होता. मी मदत करू का विचारलं, तर नको म्हणालात. दुपारी डॉक्टरांना फोन केलात, "रात्रभर ऐकलं हो. एक बारीक दोष माझ्या कानाला खटकला, काढून टाकला." मी तीन हातांवर बसून सोल्डरिंग करत होते. तुम्ही आवाजसुद्धा खाली केला नाहीत. महिन्याभरात मी काम सोडलं.

पण एवढ्यावर मी तुम्हाला सोडून दिलं असतं. पुण्यातल्या स्पीकरच्या कंपनीत मी गेले, तिथे ऐकून माल पास करणाऱ्या खोलीत जागा होती. मुलाखत चांगली झाली होती. तरी मला सोल्डरिंगच्या लाइनवर टाकलं, आणि मी तिथे सात वर्षं होते. मला वाटायचं, माझंच काहीतरी कमी पडलं असेल. मधल्या काळात तुम्ही गेलात. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले आणि तुमच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यानंतर दोन वर्षांनी आमचे मॅनेजर निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी वडे खाता खाता ते सहज म्हणाले, "तुमच्या सरांना तेव्हा फोन केला होता मी. ते म्हणाले, हात सोन्याचा आहे पोरीचा, पण कान नाही."

टेकवलेलं डोकं परत घेता येत नाही, सर. त्याचाच मला सर्वांत जास्त राग आहे.

मग मी चाचणी मागून घेतली. पडद्याआड स्पीकर ठेवून बिघडलेला ओळखायचा. बारापैकी बारा ओळखले. आज ती खोली माझ्या हाताखाली आहे, आणि नवीन मुलींना मी पहिल्या दिवशीच सांगते, खटकलं तर बोलायचं, समोर कुणीही असो.

तर मी डावा स्पीकर उघडला. तुमची ती सोमवारची कॉइल तिथे होती. वेढ्यावर वेढा चढलेला, मधे गाठीसारखा फुगवटा, टोकं कशीबशी बांधलेली. अशी कॉइल मी केली असती तर तुम्ही फेकून मारली असतीत. मी कापून बाहेर काढली आणि माझी, ओळीनं गुंडाळलेली, तिथे बसवली. मग तुमच्या मुलाला फोन केला. वडिलांनी केलेली एकही वस्तू आमच्याकडे उरली नाही, असं तो कुणाजवळ तरी म्हणाला होता. मी म्हणाले, या, ऐकायला या.

तो रविवारी दुपारी आला. केस पिकलेत त्याचे, बसण्याची ढब तुमचीच. मी चहा दिला, गाणं लावलं. ते संपल्यावर मी शांतपणे म्हणाले, "डावीकडे तुमच्या वडिलांनी चुकीची कॉइल घातली होती. इतकी वर्षं डॉक्टरांनी तसंच ऐकलं. मी आता बदललीय."

मला वाटलं होतं तो चिडेल. मला तो चिडायला हवा होता. त्यानं कप खाली ठेवला. म्हणाला, "शेवटची सात-आठ वर्षं बाबांना नीट ऐकू येत नव्हतं. बारीक आवाज तर अजिबातच. आईला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. त्यांनाही होतं. पण आम्ही काढायचो नाही तो विषय."

म्हणजे सर, त्या शनिवारी वर्कशॉपमध्ये कान असलेली मी एकटीच होते, आणि ते तुम्हाला माहीत होतं. मला आधी फक्त अपमान वाटत होता. तुमच्या मुलानं दया यावी म्हणून सांगितलं असेल. मला आली नाही. तुम्ही मला दाराजवळून जवळ बोलावून विचारू शकला असतात, आणि मी आयुष्यभर कुणाला सांगितलं नसतं.

जाताना त्यानं विचारलं, "ती जुनी कॉइल आहे का? ठेवायला नेली असती." मी म्हणाले, भंगारात गेली. तो बरं म्हणाला आणि लिफ्टची वाट न बघता जिन्यानं उतरला.

ती माझ्या कपाटात आहे. तो गेल्यावर मी तिला मीटर लावला. आकडा अगदी बरोबर होता, माझ्या कॉइलइतकाच. मग मी ती परत बसवून तीच दहा मिनिटं ऐकली, नंतर माझी बसवून ऐकली, डोळे मिटून, चार-चार वेळा. मला काही फरक ऐकू आला नाही. दिसायला वेडीवाकडी असली तरी तुमची कॉइल बरोबर होती, आणि तुमच्या मुलाला मी वेगळंच सांगितलं. त्याचा नंबर फोनमध्ये आहे. तुम्हाला लिहायला मी आजची सगळी दुपार घालवली, त्याला मात्र अजून फोन केलेला नाही.