तंबू अंगाबरोबर केला आहे

तीर्थरूप दादास,

बसल्या जागेवरून नमस्कार. वाकून करणार होतो, पण वाकायला जागा नाही; कारण पुढे येईलच. तुझी कंबर आणि वहिनींचा गुडघा एकमेकांना सांभाळून असतील अशी आशा आहे. आम्ही चौघं, म्हणजे मी, ही, सासूबाई आणि आमची चिमणी, तळ्याकाठी मुक्कामाला सुखरूप पोचलो. तळं फार सुंदर आहे असं ऐकतो.

तुझा तंबू जपून वापरतोय. (कालपासून त्यातून बाहेरच पडलेलो नाही.) झालं असं, की तंबू उभा केल्यावर हिने दोन पावलं मागे जाऊन त्याच्याकडे गिऱ्हाइकाकडे बघावं तसं बघितलं आणि म्हणाली, "खांद्यात उतरतोय." पंचवीस वर्षं शिवणकाम केलेल्या बाईला ढगळ कापड बघवत नाही, आणि सासूबाई तर तिच्याही गुरू. त्यात दाराची चेन तू सांगितलंस तशी अर्ध्यावर अडकत होती आणि तळ्यावरचा वारा थेट आत येत होता. मी म्हटलं, दोन दिवसांचा प्रश्न आहे, असू दे. पण हिच्या दुकानाचा नियम तुला ठाऊक आहे, माप अंगावरच घ्यायचं. म्हणून आम्हाला आत उभं केलं, हात बाजूला, श्वास नेहमीसारखा, आणि मायलेकींनी आतून टाचण्या लावत तंबू चौघांच्या अंगाबरोबर घेतला. (माया भरपूर ठेवली आहे, पुढेमागे सैल करता येईल.) शेवटी दार घेतलं. दुहेरी दोरा, उलटी टीप. सासूबाईंनी दाताने दोरा तोडला आणि चिमणीने विचारलं, की आता तळ्यावर कधी जायचं. तेव्हा कुठे चौघांनी दाराकडे बघितलं.

मग तंबूसकट निघालो. इथल्या चौकीदारकाकांनी बाहेरून खुंट्या उपटून दिल्या. आम्ही पोत्यातल्या शर्यतीसारख्या उड्या मारत होतो, पण जाळीची वीतभर खिडकी आली सासूबाईंच्या वाट्याला आणि त्यांचा लांबचा चष्मा बाहेर चटईवर राहिलेला. त्यामुळे तळ्याऐवजी न्हाणीघराच्या रांगेत जाऊन उभे राहिलो. लोक समजूतदार आहेत, कोणी हटकलं नाही. आमचा नंबरही आला, पण दारातून मावलो नाही.

काकांनी त्यांची कात्री देऊ केली. ही म्हणाली, आपल्या शिवणीला दुसऱ्याची कात्री लावायची नाही. तिची कात्री बाहेरच्या टोपलीत असेल म्हणून काकांनी टोपली पालथी घातली, त्यात नव्हती. खिडकीची जाळी एका कडेने उघडते, बिस्किटं तिथून येतात, हे पत्रही तिथूनच जाईल. तंबूचं काय होणार ही काळजी करू नकोस, तो आमच्यापेक्षा धडधाकट आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. तुझ्या लग्नाच्या वाढदिवसाला वाकताना हिने शिवलेली तुझी पँट उसवली, तेव्हा तू चारचौघांत म्हणालास, की हिच्यापेक्षा बाजारची शिवण बरी, निदान टिकते. तू गमतीत म्हणालास, तिला ते फार लागलं. तेव्हा जमल्यास येऊन जा. बाहेरून दाराची शिवण जोर लावून ओढ आणि "पक्की आहे" एवढंच मोठ्याने म्हण.

ता. ता. क. कात्री हिच्याच कमरेच्या पिशवीत आहे. काल उड्या मारताना मला टोचली तेव्हाच कळलं. मी काही बोललो नाही. तू ते म्हणावंस असं मलाही वाटतं.